मामीने काढलेले चोर

माझ्या मामाला वाईट फोटो काढता येत नसे. लोक हा त्याचा गुण समजत. दोष समजणारी एकटी मामी.

मामाचा स्टुडिओ कोर्टाच्या मागच्या गल्लीत, एका शिंप्याच्या दुकानावरच्या माडीवर होता. उत्तरेकडे छपरापासून खाली उतरलेली मोठी तिरकी काच होती आणि तिच्यावरचे पडदे ओढून मामा उजेड कमीजास्त करी. समोरच्या भिंतीवर रंगवलेलं कापड ताणून लावलेलं होतं. त्यावर तळं, तळ्यात हंस, आणि शेजारी कुठेच न जाणारा एक संगमरवरी जिना. त्याच्यापुढे नक्षीची खुर्ची. खुर्चीमागे लोखंडी दांडा आणि त्याला एक चिमटा, कारण त्या काळी फोटो निघेपर्यंत माणसाला पुतळ्यासारखं बसावं लागे आणि डोकं मागून धरून ठेवल्याशिवाय ते कोणाला जमत नसे. खुंटीवर एक काळा कोट टांगलेला असायचा. खालच्या शिंप्याने तो मुद्दाम पाठीत उभा उसवून दिला होता. गिऱ्हाईक जाडं असो की काटकुळं, कोट पुढून चढवायचा आणि मागे टाचण्या मारायच्या. पुढून पाहणाऱ्याला वाटावं, बॅरिस्टर बसलाय.

फोटो काढून झाला की मामाचं खरं काम सुरू होई. तेव्हा फोटो काचेवर उतरत. त्या काचेवर अणकुचीदार पेन्सिलने मामा तासन् तास काम करी. देवीचे व्रण बुजत, डोळ्यांखालची वर्तुळं जात, बसकी नाकं उभी राहत. आलेला माणूस जसा आहे तसाच परत पाठवायचा तर त्याने पैसे कशाला द्यायचे, असं मामाचं म्हणणं.

मामी लग्न होऊन आली तेव्हा दुसऱ्या घरांत जशी चूल वाट्याला येते तशी तिच्या वाट्याला अंधारी खोली आली. तांबड्या दिव्याच्या उजेडात काचा धुवायच्या, वाळवायच्या, मग मामाच्या हाती द्यायच्या. त्यामुळे पेन्सिल लागायच्या आधीचं सगळं गाव तिने पाहिलेलं होतं. रस्त्यात कोणी रुबाबात समोरून आलं की मामीला त्याची पेन्सिल न लागलेली काच आठवे आणि ती पदर तोंडाला लावून बाजूला होई. लोकांना वाटे, किती मर्यादशील बाई आहे.

एकदा गावात नवे फौजदार आले. नव्या विद्येवर त्यांचा फार विश्वास. पकडलेल्या प्रत्येक चोराचा एक समोरून आणि एक बाजूने फोटो काढून ठेवायचा, म्हणजे तो पुन्हा कुठेही सापडला तरी ओळखता येईल, असं त्यांनी ठरवलं. चौकीत कॅमेरा नव्हता. मग काम मामाकडे आलं.

हवालदार चोरांना बेड्या घालून जिन्याने वर आणी. मामा त्यांना बसायला सांगे, पाणी देई आणि विंचरायला कंगवा पुढे करी. बेड्या फोटोत बऱ्या दिसत नाहीत म्हणून हात मांडीखाली लपवायला सांगे, आणि खुंटीवरचा कोट काढे. आपल्या आवडत्या माणसाचा विचार करा, हनुवटी थोडी वर, असं तो घरफोड्यांना सांगायचा. घरफोडे बापडे विचार करायचे. कोट सरळ करायला हवालदारही मदत करू लागला. एका खिसेकापूने तर बायकोला पाठवायला एक जास्तीची प्रत मागून घेतली. बायकोचा निरोप आला की फोटोतल्या माणसाला सुटल्यावर लवकर घरी पाठवा, तुम्ही सावकाश आलात तरी चालेल.

वर्षअखेर फौजदारांनी सगळे फोटो टेबलावर मांडले तेव्हा एकाच काळ्या कोटात, एकाच तळ्याकाठी बसलेले, दूरवर पाहणारे सद्गृहस्थ त्यांच्यापुढे रांगेने हजर झाले. त्यांनी एकेक उचलून जवळून पाहिला. मग हवालदाराला विचारलं, "यातले चोर कुठले आणि नगरपालिकेचे सभासद कुठले?"

तरी तेवढ्यावर निभावलं असतं. पण मग जावईबापू आला.

त्याचं खरं नाव पोलिसांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. त्याची पद्धत अशी की, माणसांनी भरलेलं घर हेरायचं आणि कर्ते पुरुष कामावर गेले की दारात उभं राहून सांगायचं, मी काकांच्या धाकटीचा नवरा. जावई म्हटल्यावर कुठल्या काकांची कुठली धाकटी, हे विचारणार कोण? विचारलं आणि माणूस खरा निघाला तर जन्माचा रुसवा. घरातली प्रत्येक बाई समजायची की दुसरीला माहीत असेल. मग हातपाय धुवायला गरम पाणी, चांगलंचुंगलं जेवण आणि आतल्या खोलीत गादी. दुपारची झोप झाली की जावई आणि घरातली चांदी दोन्ही एकदमच नाहीशी. काही घरांत तर आठवडा उलटला तरी तक्रार होत नसे. जावयाने नेलं असेल तर बोलायचं कसं, या संकोचात सगळे गप्प.

तो पकडला गेला तो एका खऱ्या धाकटीमुळे. ती नेमकी माहेरी आलेली होती. आतून येऊन तिने पाहुण्याकडे नीट पाहिलं, त्याचं बोलणं थोडा वेळ ऐकलं आणि आईला सांगितलं, "हे आमचे नव्हेत. आमचे इतकं गोड बोलत नाहीत."

जावईबापूला माडीवर आणलं तेव्हा मामा हरखूनच गेला. उजेड कुठून घ्यावा यावर त्या दोघांची चर्चाही झाली. माणूस देखणा होता, पण त्याची डावी पापणी अर्धी मिटलेली असायची, भुवई मधोमध तुटलेली होती आणि एका कानाची पाळी कधीतरी फाटून तशीच जुळून आली होती. म्हणजे ओळख पटवायला फौजदारांना याहून सोयीचा माणूस मिळाला नसता. मामाने सगळं दुरुस्त केलं. पापणी उघडली, भुवई जोडली, कान नवा केला. मामी बजावत होती की हा फोटो लग्नासाठी नाही, चौकीसाठी आहे. मामा म्हणाला, एवढ्या चांगल्या चेहऱ्याची अशी नासाडी बघवत नाही.

आणि मग जावईबापू पळाला. खटल्याच्या दिवशी कोर्टाच्या मागच्या दारावर एक नवा शिपाई उभा होता. जावईबापूने त्याला घाईघाईत सांगितलं की तो न्यायाधीशांचा जावई आहे. शिपायाने सलाम ठोकून दार उघडून दिलं.

फौजदारांनी फोटोच्या प्रती छापून चौकाचौकांत लावल्या. या माणसाला ओळखणाऱ्याने चौकीत कळवावं. लोकांनी भराभर कळवलं, कारण मामाने घडवलेला तो चेहरा कोणाही बऱ्यापैकी दिसणाऱ्या माणसाशी जुळत होता. गावातल्या तरुण डॉक्टरांना पेशंटच्या घरातून उचलून आणलं. एक शाळामास्तर रोज चौकीवरून जाताना थांबून स्वतःच सांगू लागले की मी तो नव्हे. सगळ्यात मोठी आफत आली खऱ्या जावयांवर. सासुरवाडीला आलेला जावई दिसला की शेजारीच हवालदाराला बोलावत. दोनचार जावई रुसून परतले, बाकीच्यांनी येणंच बंद केलं. काही सासऱ्यांनी यावर तोंडदेखली हळहळ व्यक्त केली आणि उरलेला महिना सुखात काढला.

खरा जावईबापू या सगळ्यात गावातच होता. तो एकदा चौकातल्या फोटोखाली उभा राहून नव्याने आलेल्या एका हवालदाराशी बोललाही होता म्हणे. फोटोकडे बघून म्हणाला, चांगल्या घरचा दिसतो, कुठे वाया गेला कोण जाणे. हवालदाराने मान डोलावली.

हे कानावर आल्यावर फौजदार स्वतः माडीवर आले. ते मामाला काय काय बोलले ते मामीने मला कधी सांगितलं नाही, फक्त खाली शिंप्याचं मशीन थांबलं होतं, एवढं म्हणाली. मामाचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. शेवटी तो हळूच म्हणाला, "साहेब, मी खोटं काही केलं नाही. तो माणूस असाच व्हायचा होता. त्याला जमलं नाही, एवढंच."

तेवढ्यात मामी अंधाऱ्या खोलीतून बाहेर आली. तिच्या हातात ती काच होती. तिने कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि सगळ्यांसमोर काच पुसायला घेतली. पेन्सिलीचं काम निघत गेलं. कान फाटला, भुवई तुटली, पापणी खाली आली. मामा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. एखाद्याचं ऑपरेशन चाललं असावं तसा.

नवी प्रत हातात आल्यावर फौजदारांनी ती जुन्या प्रतीशेजारी धरली. दोघे भाऊ वाटतात, म्हणाले. एक शिकला, एक नाही.

नवे फोटो चौकांत लागले. खऱ्या जावयांचं येणंजाणं पुन्हा सुरू झालं. मामा एका मोठ्या लग्नाचे फोटो काढायला परगावी गेला आणि मामी एकटीच वर फोटो वाळत घालत होती, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. गळ्याकानांना मफलर गुंडाळलेला एक माणूस आत आला. त्याने अदबीने चपला बाहेर काढल्या. फोटोवाले आहेत का, म्हणून विचारलं.

मामीने अर्धी मिटलेली पापणी पाहिली. काच पुसून तिनेच ती पापणी खाली आणली होती. ती म्हणायची, त्या क्षणी माझी मूठ अशी आवळली गेली की ओला फोटो बोटांना चिकटून बसला. खाली शिंप्याचं मशीन धडधडत होतं. ओरडून उपयोग नव्हता. मालक नाहीत, काय काम आहे ते मला सांगा, ती म्हणाली.

तो खुर्चीत बसला आणि तक्रार सांगू लागला. "तुमच्या यजमानांनी माझा फोटो फार सुंदर काढला होता. मी खास जाऊन बघायचो. आता तो काढून गावभर दुसराच लावलाय. मला तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

"दुसराही तुमचाच आहे," मामी म्हणाली.

"माझाच आहे हो. पण मी असा दिसतो का?"

खोटं बोलायची सवय मामीला नव्हती. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि दिसता म्हणून सांगितलं. जावईबापूचा चेहरा पडला. चोर असूनही तो इतका खरा दुखावला की मामीची भीती तिथल्या तिथे निम्मी झाली. मग त्याने विनंती केली. एक नवा फोटो काढा, पहिल्यासारखा. मी तो स्वतः फौजदारांना पोस्टाने पाठवतो आणि लिहितो की लावायचाच असेल तर हा लावा.

तोपर्यंत मामीने आयुष्यात एकही फोटो काढला नव्हता. पण ती म्हणाली, बसा. तिने काळा कोट खाली घेतला आणि त्याला पुढून चढवला. मागे टाचण्या मारताना तिने कोटाबरोबर खुर्चीच्या पाठीचं कापडही धरलं, आणि डब्यात होत्या नव्हत्या त्या सगळ्या टाचण्या वापरल्या. डोक्याला चिमटा लावला आणि स्क्रू घट्ट पिळला. काच बसवून कॅमेऱ्याच्या तोंडावरचं झाकण काढलं.

"मी झाकण परत लावेपर्यंत हलायचं नाही," ती म्हणाली. "हललात तर डोळा पुन्हा तसाच येईल."

आणि झाकण तसंच हातात घेऊन ती जिना उतरली. शिंप्याला कोपऱ्यावरच्या हवालदाराकडे धाडलं आणि स्वतः मशीनपाशी बसून राहिली. वरून काही आवाज येतो का ते ती ऐकत होती. काही नाही. हवालदार धापा टाकत आला. सगळे वर गेले. जावईबापू जिथे बसवला होता तिथेच बसलेला होता. हनुवटी थोडी वर, नजर दूरवर, बहुधा आवडत्या माणसाचा विचार करत. हवालदाराला पाहूनसुद्धा तो हलला नाही. चिमट्यात डोकं तसंच ठेवून त्याने ओठांच्या कोपऱ्यातून मामीला विचारलं, "झाला का?"

इतका वेळ उजेड लागून ती काच अर्थातच वाया गेली होती. मामीने दुसरी घातली. हवालदार बेड्या घेऊन पुढे सरसावला, तर मामीने त्याला थांबवलं. आधी फोटो, मग तुम्ही. तो फोटो मी पुष्कळदा पाहिला आहे. मफलर सुटलेला, कान फाटका, पापणी उतरलेली, आणि चेहऱ्यावर इतका खोल विश्वासघात की पाहणाऱ्यालाच वाटावं, आपणच याचं काहीतरी नेलं.

त्यानंतर फौजदारांनी चौकीचं काम मामीकडेच दिलं. मामाला सुटल्यासारखं वाटलं. त्याच्या थोरल्या भावाला मात्र ते रुचलं नाही. हे मामीचे थोरले दीर, बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांच्या दुकानातला गज दुसऱ्यांच्या गजापेक्षा बोटभर आखूड आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि बोलत कोणीच नव्हतं. घरच्या बाईने चोरांची तोंडं बघत बसायचं, अब्रू म्हणून काही आहे की नाही, असं ते जेवताना मामाला ऐकवत, म्हणजे खरं तर मामीला. वर्षानुवर्षं ऐकवत. मामी वाढत राही. एकदाच म्हणाली, भाऊजी, मी चोरांची तोंडं लग्न झाल्यापासून बघते आहे, तेव्हा बेड्या नसायच्या एवढंच.

तिने तळं गुंडाळून ठेवलं, कोट मामाच्या गिऱ्हाइकांना सोडला आणि चोरांसाठी पांढरी चादर टांगली. तिचे फोटो इतके खरे यायचे की चोरांमध्ये तिची दहशत बसली. बाईंकडे नेऊ नका, पाहिजे तर सगळं कबूल करतो, असं एका सायकलचोराने चौकीत सांगितल्याची गोष्ट हवालदार सगळीकडे सांगत फिरे. पण त्याच चादरीसमोर एकदा दोरीवरचे कपडे चोरणारी एक म्हातारी बसली होती. तिचा जन्मात फोटो निघालेला नव्हता. काढलेला बघायचाय म्हणाली, म्हणून मामीने दुसऱ्या दिवशी चौकीत नेऊन दाखवला. म्हातारी तो कितीतरी वेळ हातात धरून बसली. मग म्हणाली, "मी आईसारखी दिसायला लागले की." मामीने ती प्रत तिला देऊन टाकली. घरी येऊन मामाला हे सांगितलं, तेव्हा मामा पेन्सिलीला टोक करत होता. त्या दिवशी त्याने एका गिऱ्हाइकाच्या कपाळावरच्या आठ्या तशाच राहू दिल्या.

मामा गेला. त्याच्यामागे स्टुडिओ बंद झाला, आणि मामी चांगली म्हातारी झाल्यावर वस्तुसंग्रहालयाची माणसं तिला शोधत आली. जुन्या काळचे गुन्हेगार, असं एक प्रदर्शन त्यांना भरवायचं होतं. माळ्यावरच्या पेट्यांत काचा शाबूत होत्या, पण त्यांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्या होत्या. मामाच्या वेळचे चोर आणि मामाच्या वेळचे सद्गृहस्थ एकाच कोटात, एकाच तळ्याकाठी, आणि कोण कोण ते सांगू शकणारी फक्त मामी. त्यांनी तिला विनवलं की तेवढं निवडून द्या. मामी म्हणाली, देते की.

ती काम करत होती तेव्हा मी मदतीला होते. खिडकीपाशी बसून ती एकेक काच उजेडाला धरी आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवी. मध्येच तिने मला टर्पेंटाइन मागितलं. एक काच मांडीवर घेऊन ती बराच वेळ पुसत होती. पुसून झाल्यावर तिने ती चोरांच्या गठ्ठ्यात ठेवली. मी उचलून पाहिली, पण ओळखू आली नाही. बारीक डोळे, आखडलेले ओठ, गालावर देवीचे व्रण. कोण हा, मी विचारलं.

"तुझे थोरले मामा."

थोरल्या मामांचा मोठा फोटो त्यांच्या घरी दिवाणखान्यात होता. त्यात त्यांचे गाल तुळतुळीत होते आणि डोळ्यांतून करुणा ओसंडत होती. मी म्हटलं, मामी, अगं पण ते कुठे चोर होते?

"पकडले गेले नव्हते," मामी म्हणाली आणि पुढची काच उजेडाला धरली.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी मी तिला रिक्षाने घेऊन गेले. गर्दी चांगली होती. जावईबापूसमोर तर रांगच लागलेली. थोरल्या मामांच्या फोटोखाली 'अज्ञात घरफोड्या' अशी पाटी होती. प्रदर्शनाला देणगी दिली म्हणून त्यांच्या नातवाला मुद्दाम बोलावलं होतं. आता तेच दुकान तो चालवतो, फक्त त्याला शोरूम म्हणतात. तो बायकोला एकेक चेहरा समजावून सांगत आमच्यापर्यंत आला, मामीच्या पाया पडला आणि मग आजोबांसमोर उभा राहिला.

त्याने मान तिरकी करून फोटो निरखला. "याच्या डोळ्यांतच दिसतं बघ," तो बायकोला म्हणाला. "असल्या माणसाला दारात उभं करू नये."

बायकोनेही मान हलवली. मामीने गंभीरपणे त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, तुला माणसांची पारख आहे हो, घरात कोणालाच नव्हती. त्याला फार बरं वाटलं. आम्हाला घरी सोडायला त्याने आपली गाडी दिली.

गाडीत मामी मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसली. मी तिला म्हटलं, उद्या जाऊन ती पाटी बदलून घ्यायला हवी. ती म्हणाली, घे ना, आणि पाटीवर काय लिहायचं ते मला विचार. मी अजून गेलेली नाही. ते प्रदर्शन नंतर दुसऱ्या गावांनाही गेलं आणि सगळीकडे लोकांना आवडलं, असं ऐकते.